खाल्लेली ओळ

आप्पा, तुम्ही गेल्यापासून या दोन हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील. वाटूर फाट्यापासून आपल्या गावापर्यंत लोखंडी गेटं एकशे चौदा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या नऊ. त्यातली एकही अजून वळणावर कलंडली नाही. शाळेची घंटा. जुन्या मोटारीवर चालणारी कडबाकुट्टी. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही, दोनदा डोळे सुजवून घेऊन शिकलो. आणि बसथांब्यावरचा फलक. सहा फूट बाय चार, पत्र्याचा, पाऊस आत जाऊ नये म्हणून वर नऊ इंचांचं छप्पर, पुढं काचेच्या दोन खिडक्या, दोन्हींना कुलूप. रोज सकाळी डाव्या खिडकीत एक पेपर लावतो, उजवीत दुसरा, आणि दोन्हींत एकाच बातमीला लाल पेन्सिलीनं चौकट करतो. दोन पेपरचा खर्चा कशाला, असं गाव विचारतं. मी सांगत नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण घरात आलेला कागद तुम्ही दोघांकडून वाचून घ्यायचात. एकदा गावात, एकदा कुंभार पिंपळगावच्या बाजारात, आणि पहिल्यानं काय वाचलं ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. बाजारातला शिंपी वैतागायचा. "अहो, त्यानं वाचलंच की, मंग माझ्याकडं कशाला आणलं?" तुम्ही म्हणायचात, "त्यानं त्याच्या तोंडानं वाचलं. तू तुझ्या तोंडानं वाच." मी आठवीत गेलो तेव्हा तुम्ही दुसरं तोंड बंद केलं. पोरगं वाचतंय, आता बस झालं, असं आईला म्हणालात. ते मी ओट्यावरून ऐकलं आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग ग्रामपंचायतीची नोटीस आली. अजून डोळ्यासमोर आहे, निळ्या शाईची, कोपरा दुमडलेला. तुम्ही चुलीपाशी बसलेले, काठी आडवी मांडीवर. मी वाचतो: सोमवारी ग्रामसभा, विषय गायरान. शेवटची ओळ येते, "अनुपस्थित राहणाऱ्यांची संमती गृहीत धरली जाईल." गृहीत म्हणजे काय ते मला येत नाही. येत नाही असं म्हणवत नाही. मी कागदाची घडी घालतो. तुम्ही विचारता, "झालं?" मी म्हणतो, "झालं." सोमवारी तुम्ही मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेला होतात. सभेत गायरानाची उत्तरेकडची पट्टी गेली, सर्वानुमते. त्या सर्वांत तुम्हीही होता. बाजाराच्या दिवशी शिंप्यानं तुम्हाला ती ओळ वाचून दाखवली. घरी येऊन तुम्ही हात उगारला नाही. एवढंच म्हणालात, "मेंढरू कागद खातं ते भुकेनं. तू कशापायी खाल्ला?" वर्षभरात निम्मी मेंढरं विकली. वाचणं मात्र मला तुम्ही सोडू दिलं नाही, फक्त दुसरं तोंड पुन्हा सुरू केलं.

आता बावन्नाव्या वर्षी मी दर रविवारी तालुक्याच्या कॉलेजात बी. ए. ला बसतो. राज्यशास्त्र. धड्याचं नाव आहे 'माध्यमे, जनमत आणि सहभाग'. सरांनी विचारलं, पेपर जनमत दाखवतो की घडवतो? मी म्हणालो, "सर, आधी त्यानं काय गाळलं ते बघावं लागंल." मागून एक पोरगी म्हणाली, "काका, तुम्ही तर घरच्या चहावरबी संशय घेत असाल." सगळे हसले. घेतो, खोटं कशाला बोलू. प्रकल्पासाठी मी पंधरा सकाळी फलकासमोरच्या हॉटेलात बसलो आणि कोण काय वाचतं ते वहीत टिपलं. निघालं ते मला आवडलं नाही, पण लिहिलं: बहुतेक लोक डावी खिडकी वाचतात, उजवीकडं जाईपर्यंत जीप भरते.

महिन्याभरानं एक पांढऱ्या शर्टाचा माणूस माझ्या शेडमध्ये आला. निवडणूक तोंडावर आलेली. नमस्कार, काका, पाणी, सगळं झालं. म्हणाला, "फक्त डावी खिडकी द्या, दोन महिने. उजवी तुमचीच. तसंबी उजवीकडं जाईपर्यंत जीप भरते." आप्पा, माझंच वाक्य त्याच्या तोंडात. त्यानं लावायचा पेपर दाखवला. मथळे बराबर, फोटो बराबर. मी तो उलटून शेवटची ओळ शोधली, छापणाऱ्याच्या नावाची. ती नव्हती. खाल्लेली होती. मी न्हाई म्हणालो. तो गेल्यावर सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, चांगलं लिहिलं होतं, म्हणून दुसऱ्या वर्गाला वाचून दाखवलं." असेलही. त्या वर्गात कोण कुणाचा माणूस, हे मात्र सरांना तरी कुठं ठाऊक? आता कॉलेजचा जिना चढताना मी प्रत्येकाच्या शर्टाकडं बघतो. फलकाची कुलपंही बदलली.

पुढच्या रविवारी सरांनी मला उभं करून हा किस्सा सांगायला लावला. मी सांगितला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, ती मागची पोरगीसुद्धा. घरी बायकोला सांगितलं. तो माणूस आला त्या दिवशी ती शेडच्या दारातच धान्य निवडत बसलेली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच झालं का?" आणि सूप घेऊन पाखडायला बसली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुमच्यापर्यंत गेलं असतं तरी तुम्ही ते दोघांकडून वाचून घेतलं असतंत. दुसरं तोंड तिचं असतं. म्हणून वर्गात गाळलेली ओळ मीच वाचतो. तो माणूस डावी खिडकी द्या म्हणून थांबला तेव्हा मी न्हाई म्हणालो नव्हतो. मी विचारलं होतं, "किती?" आणि हातातलं ग्राइंडर बंद केलं होतं, आकडा नीट ऐकू यावा म्हणून. न्हाई त्यानंतरचं. दोन महिन्यांचे पस्तीस हजार, आप्पा.