आम्माला वीसपैकी वीस

२ एप्रिल २०१९, मंगळवार

‘तुम्ही किती बांगलादेशी?’ — शीर्षक माझं नाही, इमरोझ भाईंचं. आमच्या वेबसाइटचे संपादक. ढाक्यात गुलशनसारख्या श्रीमंत वस्तीतल्या थंडगार खोलीत बसून मातीचा सुगंध घेतात. पोहेला बोइशाखला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, वीस प्रश्नांचा ऑनलाइन खेळ हवा. “हसतखेळत, झुमुर! लंडन-टोरोंटोच्या पोरांना वाटलं पाहिजे, अरे, हे तर माझंच रक्त!”

म्हणजे मी आता रक्त तपासायचं. समाजशास्त्र शिकल्याचं सार्थक झालं.

पहिला प्रश्न लिहिला: पाहुणा म्हणाला, ‘पोट भरलं.’ तुम्ही काय कराल? अ) ताट उचलाल. ब) माशाचे आणखी दोन तुकडे वाढाल. क) रुसाल. बरोबर उत्तर — आधी ब, मग क.

३ एप्रिल

प्रश्न नववा: राष्ट्रीय फळ फणस. शेवटचा कधी खाल्लात? खरं बोलणाऱ्याचे गुण जातात.

५ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी. खेळ नीट चालतो का बघायला बोगुराला घरी पाठवला.

आब्बा — सात पिढ्या बोगुराच्या, पस्तीस वर्षं शाळेत देशाचा भूगोल शिकवला — वीसपैकी बारा! लगेच फोन. “तुझे प्रश्नच चुकीचे आहेत.” मी स्वतः, प्रश्न काढणारी — सतरा. आणि आम्मा? वीस. चार मिनिटांत! कुठल्या महिन्यात कुठला पिठा, तांदळाचं ते गोडधोड, करतात, हळदीच्या दिवशी वराकडून मासा कसा सजवून पाठवतात, इलिश माशातला कुठला तुकडा जावयाला वाढायचा — एकही चूक नाही.

“आम्मा, बघून लिहिलंस ना?”

“बघायचं काय त्यात? पाठ आहे.”

पाठ म्हणे! आमच्या घरात एकच विद्वान, आणि तीही आठवी शिकलेली. आब्बा दिवसभर रुसून बसले असतील.

७ एप्रिल, रविवार

माझी जीभ! ऑफिसात सांगून बसले. इमरोझ भाई खुर्चीतून उठलेच — “देशातली सर्वात बांगलादेशी आई! बुधवारी थेट प्रक्षेपण!”

खेळ जोरात चाललाय. लंडनच्या कुणा शिहाबला चार गुण पडले. त्याची तक्रार: ‘मी रोज डाळभात खातो, मग चारच कसे?’ बाळा, डाळभात आमची मांजरही खाते.

१० एप्रिल, बुधवार

झालं प्रक्षेपण. काय झालं ते मात्र कळलं नाही.

आम्मा बोगुरात, आम्ही इकडे ढाक्यात. तांताची, हातमागाची पांढरी-लाल साडी नेसून बसली होती. पंख्याचा आवाज नको म्हणून आब्बांनी पंखा बंद केलेला, दोघंही घामाघूम. आम्मा एकेक उत्तर अशी देत होती, जसं भाजीवाल्याला हिशेब सांगावा. पडद्यावर लाल बदाम उडतायत, लोक मावशी मानून लिहितायत — ‘खालाम्मा, आम्हाला दत्तक घ्या!’ साडेचार हजार लोक!

विसाव्यानंतर इमरोझ भाईंना उचंबळून आलं. यादीत नसलेला प्रश्न — “खालाम्मा, लहानपणी तुमची आई कुठली अंगाई म्हणायची? दोनच ओळी!”

आम्मा हसली. मग हसूही गेलं. “आठवत नाही,” म्हणाली आणि उठली. फोन कलंडला. साडेचार हजार लोकांनी मिनिटभर आमच्या छतावरची पाल पाहिली.

११ एप्रिल

इमरोझ भाई: “आईला एखादी अंगाई शिकवून ठेव. सणाच्या दिवशी पुन्हा घेऊ.” माझ्या आईला अंगाई शिकवायची, मी! आम्मा फोन घेत नाही. शेवटी आब्बांनी घेतला.

“तो प्रश्न कुणी घातला?”

“आब्बा, अंगाईच तर विचारली! कुणाचं असं काय—”

“घरी ये,” म्हणाले. एवढंच.

१२ एप्रिल, शुक्रवार. बोगुरा

सकाळच्या बसने आले. वाटभर ठरवत होते, कसं सुनवायचं तिला. साडेचार हजार लोकांपुढे माझी शोभा!

आम्मा अंगणात कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “माझी आई बंगाली नव्हती.”

आम्मा सांताहारची. रेल्वे कॉलनीतली. वडील रेल्वेत फिटर, घरात उर्दू. बिहारी, म्हणजे फाळणीत भारतातून आलेले उर्दू बोलणारे — हा शब्द मी शाळेत शिवीसारखा ऐकलाय. वापरलाय. एकाहत्तरमध्ये ती सहा वर्षांची. “आधी पाकिस्तानी लष्कराने आणि आमच्यातल्या काहींनी तुमची माणसं मारली. मग तुम्ही आमची. दोन्हीकडचे मेले, झुमुर.” आईबाप एकाच दिवशी गेले. मोठी बहीण, नज्जो आपा, अकरा वर्षांची, हिचा हात धरून पळत होती. गर्दीत हात सुटला, आपा पुन्हा कधी दिसली नाही. शेजारच्या बंगाली सुईणीने हिला आपल्या लेकीचा फ्रॉक घातला, नवं नाव दिलं — साजेदा — आणि बजावलं, ‘तोंड उघडशील तर मरशील.’ वर्षभर मुकी बनून राहिली. तोंड उघडलं तेव्हा बंगाली बोलली.

“जन्मानेच जो असतो त्याला कोण विचारतं?” आम्मा म्हणाली. “तुझे आब्बा बाराच गुण मिळवून मजेत झोपतात. मला वाटायचं, आज कुणी विचारेल, उद्या कुणी विचारेल. म्हणून सगळं पाठ केलं. फक्त अंगाई कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.”

आब्बा दारात उभे. त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. “सहा महिने मीच हिची तोंडी परीक्षा घ्यायचो. पिठ्यांच्या नावात फार चुकायची. तुझ्या दादीने पहिल्याच दिवशी अकरा प्रश्न विचारले.”

“मग?”

“अकरापैकी अकरा.” एवढ्या वर्षांनी अजून छाती फुगते त्यांची!

इथे मला काहीतरी खोचक सुचायला हवं होतं. कोळंबी सोलायला बसले. निम्मी मी वाया घालवली.

१४ एप्रिल, रविवार. पोहेला बोइशाख

दुपारी आम्मा तीच साडी नेसून आली. “लाव ते तुझं थेट.”

मी म्हटलं, नको. शिव्या घालतील. माझी नोकरी जाईल — हेही म्हटलं, लाज वाटते लिहायला. आब्बा म्हणाले, “साजेदा, विचार कर.” ती म्हणाली, “अठ्ठेचाळीस वर्षं केला.”

वेबसाइटचा पासवर्ड माझ्याकडे होता. लावलं.

आम्मा म्हणाली, “बुधवारी एक उत्तर राहिलं होतं.” आणि उर्दूत गायली. घरगुती अंगाई, तिच्या आईनेच रचलेली. अर्थ असा — शेळी झोपली, कावळा झोपला, अब्बाचं इंजिनही झोपलं, तू का जागी, बब्बी? गाताना रडत होती. बब्बी ती स्वतः. आई तिला या नावाने हाक मारायची, हे मला चौपन्न वर्षांच्या बाईच्या तोंडून आज कळलं.

बदाम उडाले नाहीत.

१५ एप्रिल

इमरोझ भाईंनी तासाभरात व्हिडिओ काढून टाकला आणि मलाही. “हसतखेळत म्हणालो होतो, झुमुर!” पण तोवर लोकांनी उचलला होता. ‘हिला पाकिस्तानात पाठवा.’ ‘वीस गुण परत घ्या.’ गावोगावी फिरतोय. बारा गुणवाले, नऊ गुणवाले, सगळे परीक्षक! लंडनच्या शिहाबने मात्र लिहिलंय, ‘माझी नानीही गाताना अशीच रडते.’ पोराला मांजरीवरून बोलले होते मी.

शेजारच्या दोघी आज आल्या नाहीत. तिसरी आली, दह्याचं मडकं ठेवून गेली.

आम्मा जेवली. दोनदा भात घेतला.

१८ एप्रिल, गुरुवार

सैदपूरच्या छावणीतून, जिथे एकाहत्तरपासून बिहारी राहतात, एका अनोळखी मुलीचा निरोप. तिच्या नानीचा आवाज, उर्दूत. शिव्या देणाऱ्यांनीच व्हिडिओ तिथवर पोचवला! आम्माने ऐकला. मग पुन्हा लावला, आणि आम्हा दोघांना एकेक शब्द बंगालीत सांगितला:

“दुसरी ओळ चुकलीस, बब्बी. इंजिन झोपत नाही. इंजिन जागं असतं, अब्बा जागे असतात — म्हणून तर आपण झोपायचं.”