श्र चा भ्र

प्रिय ढापणे,

या हाकेनं तुला राग येणार असेल तर येऊ दे, पण पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. चार दिवस तू कामावर आलेली नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तू कशी वाचशील तेही मला इथून दिसतं. चष्मा काढून केसांत खोचशील, कागद नाकापासून वीतभर अंतरावर धरशील आणि सरसर वाचत जाशील, शाई पुसट असली तरी, खिडकी बंद असली तरी. मी मात्र हे लिहिताना दुकानातून आणलेला तपकिरी चष्मा नाकावर चढवून बसले आहे, आणि मान वर केली की समोरचं कपाट पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. तेव्हा आधी तेच सांगून टाकते, जे इतक्या वर्षांत कुठल्याही व्यासपीठावरून माझ्या तोंडून निघालं नाही. मी तुझ्यावर जळते.

तिसरीत तू पहिल्यांदा चष्मा लावून आलीस. जाड काचा, दांड्यांना बांधलेली काळी दोरी. ‘ढापणी’ हे नाव मीच ठेवलं. ते इतकं चिकटलं की हजेरी घेताना एकदा बाईसुद्धा चुकून बोलून गेल्या. तू रडलीस, आणि मधल्या सुट्टीत माझ्याच शेजारी येऊन डबा उघडलास. मला तेव्हा शेवटच्या बाकावरून फळ्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचता यायची. गल्लीतल्या सगळ्या काकू-मावश्या सुईत दोरा ओवायला मला हाक मारायच्या. पुढे आवाज आला, वादविवाद आले, कपाटं भरून पुस्तकं आली, लोक मला ‘तोफ’ म्हणायला लागले. पण माझा पहिला गर्व डोळ्यांचा. आणि त्या गर्वाला उभं राहायला तुझ्या जाड काचांचा टेकू लागायचा, हे आता कळतंय.

छापखान्यात आपण बावीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. तू मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचीस, मी छापून आलेल्या कच्च्या पानावर चुकांच्या खुणा करायचे. तू स्वल्पविराम वाचायचीस, अवतरणचिन्ह वाचायचीस, नवा परिच्छेदसुद्धा वाचायचीस. त्या सवयीनं एकदा घरी नवऱ्याला ‘भाजी संपली पूर्णविराम’ म्हणालीस, ते बाइंडिंगमध्ये अजून सांगतात. वाचणारी तू, चूक पकडणारी मी. लेखकांचे आभाराचे फोन यायचे ते मला. त्याचं तुला कधी काही वाटलं का, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा विचारायची गरज नव्हती.

गेल्या वर्षी अक्षरं माझ्याशी बेइमान झाली. आधी मी शाईला दोष दिला, मग कागदाला, मग दिव्याला. इलेक्ट्रिशियनकडून टेबलावरचा दिवा दोनदा बदलून घेतला, तेव्हा तो जाताना म्हणाला, “ताई, याहून जास्त उजेड हवा असेल तर टेबलच गच्चीवर न्या.” घरी औषधाच्या बाटलीवरचं वाचायला मी हात ताणलेला पाहून आमचे हे म्हणाले, “हात पुरत नाही आता. शेजाऱ्यांना बोलाव बाटली धरायला.” मी हसले, पण जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात ती तळटीप आली, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांची. मी तीनदा पाहिली आणि तीनदा मला एक करडी रेघ दिसली. तू माझ्या हातातून पान घेतलंस, चष्मा काढलास आणि वाचलंस. ग्रंथाचं नाव, पानाचा आकडा, कंसातलं वर्ष, सगळं. एक वेलांटी चुकली होती, तीही दाखवलीस. मी नुसतं ‘हं’ म्हटलं. तुझे ते उघडे, चाळीस वर्षं काचेमागे राहून जरा पिचके झालेले डोळे मला त्या क्षणी दोन्ही हातांनी झाकून टाकावेसे वाटले.

तुला न सांगता मी तुझ्याच नेहमीच्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी नीट समजावलं की चाळिशी उलटली की डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसेनासं होतं, आणि हे सगळ्यांचंच होतं. मी लगेच विचारलं, मग माझ्या मैत्रिणीचं कसं झालं नाही? त्या म्हणाल्या, “त्यांना लांबचा नंबर आहे ना, उणे पाच? मग त्या नुसता चष्मा काढतात. झालं त्यांचं काम.” झालं त्यांचं काम! जिनं आयुष्यभर समान वाटपावर घसा फोडला, त्या बाईची छाती या एका वाटपानं फुटायला आली. आठव्या वर्षापासून तू तुझा वाटा भोगलास, आता माझी पाळी. हे मी कुणा तिसऱ्याला दोन मिनिटांत पटवून दिलं असतं, वर टाळ्या घेतल्या असत्या. स्वतःला पटवता येईना. आपल्या भाषेनं तर या चष्म्याला वयाचंच नाव देऊन ठेवलंय, चाळिशी. म्हणजे लावला की जाहीर कबुली. मी ती विकत घेतली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. घरी दार लावून लावायची. तुझ्यासमोर तर नाहीच.

मग ती नोटीस आली. तपासणी आता संगणक करणार, आपल्या टेबलावर दोघींऐवजी एकच बाई राहणार. फाटकाशी सभा ठरली. मसुदा तू लिहिलास, बोलणार मी. मुद्दा तुझा होता आणि बिनतोड होता. संगणकाला चुकीचं अक्षर कळतं, पण एक शब्द जाऊन त्याच्या जागी दुसरा खराखुरा शब्द बसला तर त्याला दोन्ही सारखेच. तिथे माणूसच लागतो. मी खोक्यावर चढले तेव्हा माझी पर्स तुझ्या खांद्यावर होती. तू पर्सची चेन उघडून माझ्याकडे पाहिलंस. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. मी मान हलवून नको म्हटलं. सव्वाशे माणसांसमोर तोफेनं नाकाच्या शेंड्यावर चाळिशी चढवायची? मी कागद हातभर लांब धरला आणि गरजले, “आम्ही भीक मागायला आलो नाही! ही आमच्या बावीस वर्षांच्या भ्रमाची किंमत आहे!”

बाइंडिंगमधले काका मागून ओरडले, “श्रमाची, बाई, श्रमाची! तुम्ही तर श्र चा भ्र केलात!” आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत हशा उसळला. एवढी वर्षं बोलते आहे, लोक माझ्यावर कधी हसले नव्हते. आपल्या मसुद्यात संगणकाची म्हणून जी चूक लिहिली होती, नेमकी तीच मी केली होती. तिथे मी ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण माझी जीभ डोळ्यांसारखी मंद झालेली नाही. मी म्हटलं, “माफ करा मंडळी, लिहिणाऱ्या बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय!” टाळ्या पडल्या. हशा माझ्यावरून उठला आणि तुझ्यावर जाऊन बसला. पहिला क्षणभर तूही हसलीस. मग खाली पाहून पर्सची चेन लावलीस.

बुधवारी यादी लागली, जाणाऱ्यांत तुझं नाव. व्यवस्थापकांनी मला बोलावून कारणही सांगितलं, तेही चहा पाजून. “तुम्हीच चारचौघांत म्हणालात ना, त्यांना नीट दिसत नाही म्हणून? तुमच्या शब्दाला आम्ही मान देतो.” बावीस वर्षांत माझ्या एकाही मागणीला मान न देणाऱ्या माणसानं मान दिला तो त्या एका टोमण्याला. आता ऐक, कारण हे ऐकवल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही. तुझं नाव वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं. आता समोर बसून कुणी चष्मा काढणार नाही, हा विचार आला, आणि तो चांगला जिना उतरेपर्यंत टिकला. मत्सरावर मी किती वाचलं आहे, किती बोलले आहे. तो माझ्याच पोटात असा आरामात बसलेला असेल, याची मला कल्पना नव्हती.

खाली टेबलाशी आले. तुझी खुर्ची आत सरकवलेली होती. मी भाषणांची फाइल काढली, तो कागद बाहेर काढला आणि पहिल्यांदा छापखान्यात, सगळ्यांदेखत, चाळिशी लावली. तुझा मसुदा आधी मी धड पाहिलाच नव्हता. तू बारीक अक्षरात लिहितेस, एका पानात दोन पानांचा मजकूर बसवतेस, त्यावरून मी तुला चिक्कू म्हणायचे. हा मसुदा मात्र चार पानांचा होता. अक्षरं दुप्पट मोठी, ओळींमध्ये बोटभर जागा, जाड पेन. आणि ‘श्रमाची’ हा शब्द तर ओळीत एकटा, दोन्हीकडे मोकळी जागा सोडून, खाली रेघ मारून लिहिलेला, कारण भ्र शी घोटाळा होईल हे तुझ्या लक्षात आलं होतं. माझे डोळे गेले हे तुला माझ्याआधी कळलं होतं. तू कुणालाही सांगितलं नाहीस, मलासुद्धा नाही. नुसतं अक्षर मोठं केलंस. आणि तेवढं मोठं अक्षरही मला वाचता आलं नाही. ढापणे, त्या क्षणी माझा मत्सर कमी झाला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तो दुप्पट झाला. डोळ्यांचा होता, त्यात मनाचाही आला.

काल मी व्यवस्थापकांना लेखी दिलं. मसुद्यात ‘श्रम’ असं स्पष्ट लिहिलं होतं, मी चष्मा न लावता वाचलं, चूक माझी आणि त्यानंतरचं बोलणंही माझंच. सोबत तुझी चार पानं जोडली. वाचून त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “मग यादी पुन्हा बघावी लागेल, आणि तुमचं नाव त्यात आलं तर माझा नाइलाज आहे. पण कागद नंतरही लिहिता येतो, बाई. मी त्यांनाच विचारीन.” सोमवारी अकरा वाजता त्यांनी दोघींना समोरासमोर बोलावलं आहे. हे पत्र त्यासाठी आहे. ते तुला विचारतील, सभेत दिलेला कागद हाच का, अक्षर आधी अस्पष्ट होतं का. मी खोक्यावर नसेन, तोफही नसेन, घरी दोन लेकरं आणि निवृत्त नवरा असलेली एक बाई खुर्चीत बसलेली असेल, आणि तू तिच्याकडे पाहशील. मग तू अगदी सहज म्हणशील, हो, अक्षर माझंच वाईट होतं. मी तुला ओळखते. म्हणू नकोस. माफी मी आज मागत नाही, ती पुढे आयुष्य पडलंय तोवर मागत राहीन. आज एवढंच मागते की सोमवारी ये, आणि खरं तेच सांग. तुझ्या चांगुलपणाचा मला आधीच इतका हेवा वाटतो की त्याचा आणखी एक घास माझ्यानं गिळवणार नाही.

तुझीच,
टेबलाच्या पलीकडची