थिजवलेल्या तेलाची हकिगत

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (माझेही गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत, तेव्हा अर्धाच समज). तुझा गुडघा कसा आहे? आईच्या हातच्या तेलाने मालिश झाल्याशिवाय जिना उतरणार नाही, असा हट्ट धरून तू वर बसलीस आणि खाली तुझं शिवणाचं दुकान बंद, हे कळल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला. म्हणून तर आईने तेलाची बाटली माझ्या हाती सोपवली.

आता विमानात हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही. तुझी भावजय म्हणाली, लहान बाटल्यांत भरा, नाहीतर सरळ मोठ्या बॅगेत टाका. (मोठ्या बॅगा आपटतात. आईचं तेल मी आपटू देईन?) हयातभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला असले उपाय शोभत नाहीत. नियम द्रवाला आहे. मी बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली आणि तेलाचा दगड केला.

तपासणीच्या बाईंनी बाटली उलटी करून पाहिली. थेंब हलला नाही. त्या 'जा' म्हणाल्या. दुसरा कुणी असता तर गेला असता. पण आपण ती का सोडली हे बाईंना कळलंच नसेल, अशी मला शंका आली. म्हणून मी घनपदार्थाची व्याख्या सांगितली, मग द्रवणांक समजावला, बाटली दोन्ही हातांत धरून. बाई मन लावून ऐकत होत्या. मागची रांगही साथ देत होती (काही जण फार मोठ्याने). हाताची उष्णता बाटलीत कशी जाते, इथवर आलो आणि पाहतो तर तेल डुलत होतं. बाईंनी माझ्याच व्याख्येवर बोट ठेवून ते जप्त केलं. विद्यार्थिनी हुशार, यात वाद नाही. पण ताई, आईने अख्खा दिवस शेगडीपाशी उभं राहून ते कढवलं होतं, ते आठवून मला भर रांगेत रडू आलं. वरच्या साहेबांकडे दाद मागेपर्यंत विमान उडालं. तुझी भावजय त्यात आहे, मी नाही.

पुढच्या विमानाने येतोच. पद्धत बिनचूक होती, बोलणं जरा लांबलं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. आईला यातलं अवाक्षर सांगू नकोस. तिचा फोन आला तर तेल लावलं, गुण आला, असं ठोकून दे.

आणखी ता. क. आत्ताच तुझ्या भावजयीचा फोन आला. आईने तेल आधीच लहान लहान बाटल्यांत भरून तिच्या पर्समध्ये दिलं होतं, आणि तू मालिश करवून घेऊन जिन्याशी उभी आहेस म्हणे. मी तडक आईला फोन लावला. म्हटलं, मग माझ्याकडे काय दिलं होतंस? म्हणाली, "साधं खोबरेल. तुला वाद घालायला हातात काहीतरी हवं ना!"