अर्धा पीळ

हडपसर, पुणे
९ ऑगस्ट १९९८

प्रिय शकूताई,

नसीमचा सलाम. वाघोलीला सगळे बरे असाल. इकडे अब्बांचा खोकला कमी आहे. कँटीनचा चहा अजून तसाच, पाण्याला रंग दाखवल्यासारखा. आपल्या खात्यातल्या प्रेमलाच्या मुलीचं नाव आनंदी ठेवलं, दिवसभर रडते.

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली होतं. तिथल्या कारखान्यात हाताने वायरी सोलायला तुला बोलावतात आणि तू जात नाहीस. 'माझा हात गेला, नसीम, लोकांचा माल कशाला नासवू?' असं लिहिलंस. ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

मशीनचं विचारलंस. बरं चाललंय. एका बाजूला वायरचं रीळ लावायचं, दुसरीकडून कापलेल्या, टोकं सोललेल्या वायरी पडतात. तुम्ही आठ जणी बसायचात त्या टेबलावर आता डबे ठेवतात. मशीन मीच चालवते. पगार वाढला, घरात पंखा आला. एवढं लिहूनही मी मूळ गोष्ट टाळतेच आहे.

चाचणीचा दिवस आठव. शंभर वायरी तुझ्या, शंभर मशीनच्या, आणि तपासायला मी. मशीनचं पातं नीट बसलेलं नव्हतं. नख फिरवलं की तांब्याच्या तुटक्या तारा बोटाला टोचायच्या. तुझ्या गठ्ठ्यात एकही खोट नव्हती. पण आदल्या दिवशी हिंदुराव साहेब मला म्हणाले होते, मशीन पास झालं तर ते चालवायला तूच. मी दोन्ही गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या.

साहेबांनी सगळ्यांसमोर त्या तुटक्या तारा तुला दाखवल्या. तू म्हणालीस, "साहेब, ह्याला माझा पीळ नाय." सोलल्यावर तारांना चिमटीत धरून अर्धा पीळ द्यायची तुझी सवय अख्ख्या खात्याला ठाऊक. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "घाईत राहिला असेल, ताई." मग तू मान खाली घातलीस.

महिन्याभरात पातं बदललं, आता मशीन चांगलं काम करतं. तुम्हाला जावं लागलंच असतं, असं मी रोज मनाला समजावते. पण तू अशी मान खाली घालून गेली नसतीस, ताई. ते मी केलं. मला माझीच लाज वाटते.

सोबत दहा वायरी पाठवतेय. त्या दिवशी पास झालेला गठ्ठा नमुना म्हणून कपाटात ठेवला होता, त्यातल्या. वरची चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे: 'मशीन. पास.' तू टोकं बघ. बघितलीस की कामावर जा, एक दिवसही थांबू नकोस. साहेबांना वायरी आणि हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव, मी नाही म्हणणार नाही. मला स्वतःहून सांगायला अजून जमलेलं नाही.

म्हणून चाचणीच्या रजिस्टरात केली होती तशी खाली पूर्ण सही करतेय.

नसीम दादामियाँ शेख
तपासनीस