तोंडी संमती

मी, जिन सू-ह्योक, वय बावीस, मुक्काम साचॉन, हा आडनावाच्या माल-सून बाईंच्या खानावळीवरची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज डोके ठिकाणावर आहे. रोज असते असा दावा नाही. सोमवारी सैन्यात हजर व्हायचे आहे, म्हणून मागची निरवानिरव.

१. मोटारसायकल क्वाक दोक-सू काकांना द्यावी. कारण कलम ५.

२. कॉलेजची पुस्तके रद्दीत घालावीत. तिसऱ्या सत्रात मी प्राध्यापकांची कॉलर धरली आणि कॉलेज सोडले. "तुझ्यासारख्याने विमानाच्या वाऱ्याला उभं राहू नये," असे ते म्हणाले होते. तो राग मी सोडत आहे, कारण ते बरोबर होते.

३. थंडीचा कोट आईला. खिसा उसवला आहे. रडण्याआधी शिवून घे.

४. विमान कारखान्यात माझ्याबरोबर असलेल्या ओक सॉल-बीला काही नाही. तिने कधी काही मागितलेच नव्हते.

५. गादीखालचे पाकीट माझ्या मृत्यूनंतर कारखान्याच्या तपासणी विभागात द्यावे. आत लढाऊ विमानाच्या कामाचा मूळ आराखडा आहे. कोणते काम कोणत्या दिवशी, हे मी ठरवत असे. पंखातल्या इंधनटाकीचे सांधे क्वाककाका रबराने बुजवत. ते सुकायला सात दिवस. मग सॉल-बी गळतीची चाचणी घेई. ती चाचणी नेमकी कंदीलजत्रेच्या शनिवारी येत होती. तिच्याबरोबर जत्रेला जाता यावे म्हणून मी सात दिवसांचे पाच केले.

काका टेबलाशी येऊन ओरडले, "अरे पोरा, रबर आहे ते, भात नाही! आच वाढवली म्हणून लवकर शिजेल होय?"

मी तरीही संमतीच्या रकान्यात लिहिले : 'सांधे विभागाची तोंडी संमती.'

टाकी गळली. संमती काकांची, म्हणून दोषही काकांचा. एकतीस वर्षांचा कारागीर आता हत्यारखोलीत नट-बोल्टचे पाने मोजून देतो. डिसेंबरात तो याच डागासकट निवृत्त होईल. आणि सॉल-बी जत्रेला आली, होणाऱ्या नवऱ्याला घेऊन. "तुझ्यामुळे सुट्टी मिळाली हं!" म्हणाली.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. माल-सून बाई म्हणाल्या, "मेल्या, आणि याच माणसाच्या शेजारी बसून रोज माझी आमटी ओरपतोस?"

दुसरे साक्षीदार, क्वाककाका, म्हणाले, "तू ऐंशी वर्षं जगलास तर? मी तोवर थांबू? तपासणीवाले उद्या नऊला येतात. आणि ती फटफटी खोड. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

दुरुस्ती : कलम १ रद्द. कलम ५ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडून 'उद्या सकाळी नऊ वाजता, मी स्वतः' असे वाचावे.

साचॉन, गुरुवार, १६ नोव्हेंबर २०२३
जिन सू-ह्योक (सही व मोहोर)

साक्षीदार :
१. हा माल-सून (मोहोर)
२. क्वाक दोक-सू (मोहोर). वाचले. संमती आहे. लेखी.