लग्नाचा कोणता फोटो नेला

प्रिय मेरेसेइनी,

प्रस्तुत चिठ्ठीत मी माझे प्रस्थान व एका फोटोविषयीचा निर्णय निवेदन करीत आहे. पहाटेच्या बसने मी सुवा शहरी अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीस निघालो आहे. तू कालच अमेरिकेहून आलीस, म्हणून उठवले नाही. कसावा उकडून झाकला आहे.

तीन वर्षे परक्या वृद्धांची शुश्रूषा करीत तू माझे सर्व अर्ज एकटीने भरलेस, हे थोर कार्य होय. काल सरावात मी पाठ केलेली उत्तरे देताच म्हणालीस, "अरे एपेली, नवरा आहेस की रेडिओ? खरं तेच सांग!"

तुझा भाऊ म्हणाला होता, "मिठी मारलेला फोटो ने, नाहीतर साहेब म्हणेल बायको उसनी आणली!" त्याने मुद्दाम काढलेला तो फोटो टेबलावर ठेवला आहे. मी लग्नातलाच नेला. साहेबांनी "दोघं इतकी लांब का?" विचारल्यास सांगेन की आमच्यात पुरुष यांगोना पेयाच्या पात्राभोवती बसतात, बायका पलीकडच्या चटईवर. मग बोट ठेवून दाखवीन, सारे गाव कॅमेऱ्याकडे पाहत आहे आणि तू एकटी माझ्याकडे.

चिठ्ठी तुझ्याआधी वाचणाऱ्या घरातील सर्व वाचकांचे आभार.

तुझा,
एपेली नाकाउता