परमिट आणि माझा थंड स्वभाव

३ तारीख, सकाळी सात
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी विचारलंच, तर पुरावा असावा.
दागिन्यांच्या ज्या दुकानाच्या दारात मी नऊ वर्षं गार्ड म्हणून उभा आहे, तिथे विमा कंपनीने हट्ट धरलाय : दारात बंदूकवाला गार्ड पाहिजे. आम्ही दोघंच, मी आणि लांब्या. ज्याला परमिट मिळेल तो दारात, दुसरा मागच्या पार्किंगमध्ये शिट्टी फुंकत. लांब्या उभ्या उभ्या डुलक्या काढतो. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.
संकल्प : महिनाभर चिडायचं नाही. तसा मी चिडत नाहीच.

४ तारीख
बंदूक अडकवायचं कमरेचं होल्स्टर घेतलं. अस्सल चामड्याचं. बंदुकीचा पत्ता नाही आणि हे कशाला, असं ही म्हणाली. पूर्वतयारी हा शब्दच हिच्या घराण्यात नाही. तूर्त त्यात चष्म्याची केस ठेवतो.

७ तारीख
नियमांची पुस्तिका वाचली. डोकंच फिरलं! बंदूक फक्त ड्युटीवर. फक्त युनिफॉर्मवर. सगळ्यांना दिसेल अशी. ड्युटी संपली की दुकानाच्या लॉकरमध्ये जमा. म्हणजे संध्याकाळी सात वाजले की वाघाची शेळी! खालच्या मजल्यावर एक खाजगी गुप्तहेर राहतो. त्याला विचारलं, तर तो म्हणे की साध्या कपड्यांत त्यालाही परवानगी नाही, तो छत्री घेऊन फिरतो. छत्री! असले नियम करणाऱ्यांना एकदा दारात उभं केलं पाहिजे.
पुस्तिका जरा बाजूला सारली. ती टीव्हीच्या रिमोटला लागली. रिमोट आधीपासूनच खिळखिळा होता.

११ तारीख
डोळे पास. चष्मा लावा म्हणाले म्हणून होल्स्टरकडे हात नेला, तर डॉक्टर टेबलाखाली. भित्री जमात.

१५ तारीख
लेखी परीक्षा. गिऱ्हाईक आरडाओरडा करू लागलं तर आधी काय कराल? चार पर्याय दिलेले. मला पटणारा त्यात एकही नव्हता, म्हणून पाचवा लिहिला, खुणेसकट. तरी एका मार्काने पास. तपासणाऱ्याला अक्कल कमी, पण नशीब माझं.
घरी आल्यावर कप हातातून निसटला. भिंतीपर्यंत.

१९ तारीख
नेमबाजीच्या रेंजवर दहापैकी नऊ गोळ्या मध्यावर! लांब्याच्या सहा. हात फार स्थिर आहे, असं प्रशिक्षक सगळ्यांदेखत म्हणाला. नऊ वर्षांत माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच बरं बोललं. येताना उगाच लांबच्या रस्त्याने आलो. हिला तीन वेळा सांगितलं. बरं झालं, म्हणाली तिन्ही वेळा.

२२ तारीख, दुपार
चौकशी अधिकारी घरी आला. नियमच आहे म्हणे : अर्जदाराचा स्वभाव कसा, हे घरच्या माणसाने लिहून द्यायचं, बंद पाकिटात. मी निर्धास्त. बावीस वर्षांत ही माझ्याविरुद्ध चकार शब्द बोललेली नाही.
अधिकाऱ्याला चहा कपातून, मला स्टीलच्या पेल्यातून. घरच्या माणसाची किंमत ही अशी!
त्याने रिमोटला गुंडाळलेलं रबर बघितलं. कपाटाच्या दाराची चीर बघितली. भिंतीवरचा डाग बघितला. प्रत्येक वेळी हिने सांगितलं, पडलं. शाबास! तरी तो विचारतोच, चहा भिंतीवर कसा पडतो? तेव्हा मी त्याला शांतपणे समजावलं. शेजारचे का धावत आले, कळलं नाही. बोलताना त्याचं पेन मोडलं. हलकं होतं.

३० तारीख
परमिट लांब्याला. मला नकार. डुलक्या काढणाऱ्याला बंदूक! दहापैकी सहावाल्याला!
पत्र हिनेच हातात दिलं. सोबत, नकाराचं कारण म्हणून, हिच्या अभिप्रायाची नक्कल. हिचं ते गोल गोल अक्षर : "माणूस मनाने वाईट नाही. नेम चांगला आहे, ते मी घरात बघते. बंदूक देऊ नका."
हात रिमोटकडे गेला. रिमोट जागेवर नव्हता. फुलदाणी नव्हती. होल्स्टरमधली चष्म्याची केससुद्धा नव्हती. पत्र द्यायच्या आधी हिने सगळं उचलून ठेवलं होतं.
ओरडून विचारलं, मला घाबरतेस की काय? बंदूक नाही तोवर निभावतं, म्हणाली. आणि चहा आणायला गेली.
चहा स्टीलच्या पेल्यात आला. मला कपातून चहा देणं हिने कधी बंद केलं, ते आठवून पाहिलं. पंधरा तारखेच्या कपानंतर नव्हे. त्याच्या कितीतरी आधी.
पेला हळूच खाली ठेवला. तरी ही दचकली.